राणीची बाग आणि रविवारची सुट्टी

मुलांना घेऊन एक दिवस बाहेर जायचं ठरलं, की आपल्या घरांत पहिली चर्चा होते ती डब्याची आणि दुसरी होते ती बेताची. कुणी म्हणतं, ‘आधी गेटवे करू, मग म्युझियम, तिथून चौपाटी आणि परत येताना हँगिंग गार्डन.’ कागदावर हा बेत झकास दिसतो. प्रत्यक्षात अकरा वाजता धाकट्याला झोप येते, साडेअकराला थोरल्याला तहान लागते, बाराच्या सुमारास आई-वडिलांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं आणि चौपाटी येते तेव्हा समुद्राकडे बघण्याची कुणालाच इच्छा उरलेली नसते. मुलांबरोबर निवांत दिवस घालवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही.

या निवांतपणालाही एक इतिहास आहे, आणि आज मला तो थोडा सांगायचा आहे. मुंबईसारख्या शहरात सामान्य माणसाला आपल्या पोरांना घेऊन फिरायला जाता यावं, यासाठी तीन गोष्टी असाव्या लागतात. एक, सुट्टीचा वार. दोन, जाण्यासारखी जागा. आणि तीन, परवडेल असं वाहन. आपल्याला या तिन्ही गोष्टी जन्मापासून मिळाल्या, त्यामुळे त्या ऊन-पावसासारख्या आपोआप आल्या असं वाटतं. पण तसं नाही. त्या कुणीतरी मागितल्या, कुणीतरी उभ्या केल्या, आणि त्या फार जुन्याही नाहीत.

आधी जागेचं बघू. मुंबईतल्या मुलांची सहल म्हटली की पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव तोंडी येतं: राणीची बाग. ही बाग भायखळ्याला १९ नोव्हेंबर १८६२ रोजी सुरू झाली. त्याआधी शेती आणि बागकामाला वाहिलेल्या एका संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बागेनं भायखळ्यात नवा संसार थाटला. राणी म्हणजे व्हिक्टोरिया राणी. बागेचं सरकारी नाव आज ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ आहे, पण भायखळ्याला उतरून कुणालाही विचारा, ‘राणीचा बाग कुठे?’ लगेच हात वर करून दिशा दाखवतील.

तो काळ मुंबईचा रंगरूप बदलणारा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैसा खेळत होता. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले आणि किल्ल्याच्या जुन्या भिंती पाडायला सुरुवात झाली. शहर भिंतीबाहेर पसरू लागलं. बाग सुरू झाली त्याच दिवशी शेजारच्या म्युझियमची कोनशिला बसवली गेली. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड ही मंडळी या कामामागे होती. म्युझियमची इमारत पुरी होऊन ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. आज त्याला भाऊ दाजींचं नाव आहे, तेही १९७५ पासून.

म्हणजे १८७२ पर्यंत भायखळ्यात बाग होती, म्युझियम होतं. जागा होती. पण तिथे जाणार कोण? बागेच्या आसपासच तर गिरण्या उभ्या राहत होत्या. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागात चिमण्याच चिमण्या झाल्या. या गिरण्यांत पुरुष होते, बायका होत्या आणि मुलंही होती. बागेत खेळण्याच्या वयाची मुलं.

हे वाचताना जरा थांबायला हवं. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असं तो कायदा म्हणत होता. ही त्या काळची सुधारणा होती! सात वर्षांचं मूल म्हणजे आज आपलं दुसरीतलं मूल. ज्याला आपण रस्ता ओलांडताना हात धरून नेतो, त्याला नऊ तास कामाला लावणं कायदेशीर होतं. त्या मुलाच्या लेखी राणीची बाग हाकेच्या अंतरावर असूनही हजार कोसांवर होती. बाग भायखळ्यात होती, पण त्याच्या आठवड्यात बागेचा वारच नव्हता.

तो वार आणून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या फार मोठ्या नव्हत्या. रविवारी एक दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर अपघात झाला तर काही भरपाई मिळावी. आज या मागण्या वाचल्या की वाटतं, यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या?

सह्यांनी लगेच काही झालं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कामगारांची प्रचंड सभा झाली. दहा हजार माणसं जमली होती आणि दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणं केली. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी कागदावर आली, कामावर घ्यायच्या मुलाचं वय सातावरून नवावर गेलं आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातावर आले. पावलं लहान होती, पण दिशा बरोबर होती. लोखंडे पुढे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले. वय पन्नासही नव्हतं.

रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. इंग्रजांच्या कचेऱ्यांना तो चर्चचा वार म्हणून सुट्टीचा. कारखान्यातल्या माणसाला मात्र तो मागून, भांडून घ्यावा लागला. आणि एक योगायोग पाहा. ज्या १८९० साली कामगारांना रविवार मिळाला, त्याच १८९० साली राणीच्या बागेला आणखी जमीन जोडून तिथे प्राणिसंग्रहालय सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता, असा माझा दावा नाही. पण लालबागच्या चाळीतला बाप पोराला खांद्यावर घेऊन वाघ दाखवायला निघाला असेल, तर त्याच्या पायाखाली या दोन्ही तारखा होत्या, एवढं खरं.

राहिलं वाहन. मुंबईत आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. भायखळ्याचं स्टेशन हे देशातल्या सर्वांत जुन्या स्टेशनांपैकी एक. त्याची डागडुजी इतकी जिव्हाळ्यानं झाली, की २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार त्याला मिळाला. शहरातल्या शहरात फिरायला ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम आली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत भाडं तीन आणे. तीन आणे म्हणजे त्या काळी गरिबाला जड. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी मोटारबस आली आणि १९३७ मध्ये दुमजली बस. मोठ्यांसाठी ती वाहनं होती, मुलांसाठी मात्र तीच सहल होती. ट्रामचा खडखडाट ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमचा थांबला. लाल रंगाची, डिझेलवर चालणारी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. तिची जागा घेणारी विजेवरची वातानुकूलित दुमजली बस त्याच वर्षी फेब्रुवारीत रस्त्यावर आली होती. वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या बाकासाठी मुलांची पळापळ मात्र तीच आहे. खिडकी तेवढी आता उघडत नाही.

माझे वडील गिरणीत होते. पाळ्या तीन. पहिली पाळी असली की आम्ही उठायच्या आत ते गेलेले असत आणि तिसरी असली की आम्ही शाळेतून येईपर्यंत झोपलेले. आम्हा भावंडांना वडील पूर्ण जागे, दाढी केलेले आणि इस्त्रीच्या सदऱ्यात दिसत ते रविवारी. बागेत त्यांची एक खास पद्धत होती. ते काहीही ‘दाखवत’ नसत. एक बाक पकडायचे, पेपर उघडायचे आणि म्हणायचे, ‘जा, बघून या आणि मला सांगा.’ आम्ही धावत जाऊन गेंडा बघायचो, परत येऊन सांगायचो, मग पुन्हा पाणघोड्याकडे. त्यांना किती ऐकू जायचं कोण जाणे. पण आम्हाला घाई करणारं कुणी नव्हतं. आज मुलांना बाहेर नेणाऱ्या तरुण आई-वडिलांना मी एवढंच सांगतो: ठिकाण एकच ठरवा आणि तिथे मोठ्यांना बसायला जागा आहे ना, ते आधी बघा.

राणीच्या बागेपुरतं बोलायचं तर मुलाला तिथे दोन-तीन गोष्टी पुरतात. म्युझियमच्या अंगणात एक दगडी हत्ती आहे. घारापुरीच्या बेटावर हा हत्ती उभा होता म्हणून पोर्तुगिजांनी त्या बेटाचं नाव ‘एलेफंटा’ ठेवलं. १८१४ साली त्याचं डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे या बागेत येऊन पडले. पुढे ५० वर्षांनी, १९१४ मध्ये, ते पुन्हा जोडून हत्ती उभा करण्यात आला. ही गोष्ट मी माझ्या नातीला सांगितली, तेव्हा तिनं हत्तीच्या पोटावरचे सांधे निरखून पाहिले आणि विचारलं, ‘आजोबा, फेविकॉल लावलं का?’ अर्धा तास ती त्या हत्तीभोवती फिरत होती. पेंग्विन नंतर झाले.

हो, पेंग्विनही आहेत. २०१६ मध्ये ते मुंबईत आले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले. त्याच सुमारास बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं, त्यावर बरीच चर्चाही झाली. मुलांसह चौघांच्या कुटुंबासाठी शंभर रुपयांचं एकत्रित तिकीट ठेवण्यात आलं. पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी मी सांगेन की गोरखचिंच बघा. आफ्रिकेतून आलेलं हे झाड. त्याच्या बुंध्याला कवेत घ्यायला किती मुलं लागतात, हा खेळ कुठल्याही झोपाळ्यापेक्षा चांगला चालतो. उर्वशीचं झाडही इथे आहे. ते फुलावर असेल तर मोठी माणसंही बोलायची थांबतात. मुळात ही बाग झाडांसाठी लावली गेली होती, प्राणी नंतर आले, हे आपण विसरतो. या शतकाच्या पहिल्या दशकात बागेचा पार कायापालट करण्याची योजना निघाली, तेव्हा नागरिक झाडांच्या बाजूनं उभे राहिले ते याच जाणिवेतून.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईनं मुलांचा विशेष विचार केलेला दिसतो. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. १९५२ मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्क झालं आणि त्यातला ‘म्हातारीचा बूट’ मुंबईच्या प्रत्येक मुलाच्या फोटोत जाऊन बसला. समोरच्या हँगिंग गार्डनच्या पोटात पाण्याचा मोठा जलाशय आहे, हे मुलांना सांगितलं की ती जमिनीला कान लावून बघतात. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि मराठी मुलांना स्वतःचं नाटक मिळालं. पुढे १९७७ मध्ये वरळीला नेहरू तारांगण आलं आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र. या जागांमागे एक साधा विचार होता. ज्याच्या घरी अंगण नाही, त्याच्या मुलाला शहरानं अंगण द्यावं. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहत होती, त्या शहरात या विचाराची किंमत काय होती ते तिथे वाढलेल्यांना विचारा.

मग हा विचार कुठे अडला? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. संप मोडला की मिटला, यावर आजही वाद घालता येतो. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. शहराच्या मधोमध शेकडो एकर जमीन मोकळी व्हायची वेळ आली. १९९१ च्या विकास नियमावलीत तिच्यासाठी एक सूत्र होतं. जमिनीचे तीन वाटे करायचे: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच तुकड्याची होणार, असं ठरलं. गिरण्यांच्या जमिनीवर शेड आणि इमारतीच जास्त. साहजिकच शहराच्या वाट्याला येणारा भाग आक्रसला. लोक न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, पण २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला.

मी वकील नाही. नियमाच्या बाजूनं आणि विरोधात काय काय बोललं गेलं, त्यात मला शिरायचं नाही. मी आजोबा म्हणून हिशेब मांडतो. त्या एक तृतीयांशात किती बाक बसले असते, किती गोरखचिंचा लागल्या असत्या, किती मुलांनी किती वेळा ‘आता घरी नाही जायचं’ म्हणून रडून गोंधळ घातला असता! आज त्या जमिनींवर मॉल आहेत, टॉवर आहेत. मॉलमध्ये मुलांना नेण्यात काही पाप नाही. गार हवा असते, स्वच्छतागृह स्वच्छ असतं, पावसाळ्यात तर तो आधारच. पण तिथे मूल गिऱ्हाईक असतं. बाकावर पेपर वाचत बसलेल्या बापाला तिथे काहीतरी विकत घ्यावं लागतं. बागेत त्याला काही घ्यावं लागत नाही, मूल नुसतं मूल असतं.

म्हणून मला वाटतं, मुलांना सार्वजनिक जागांवर नेणं हे नुसतं मन रमवणं नव्हे. ज्या जागेवर माणसं जातात ती जागा टिकते. मत्स्यालयाची इमारत जुनी होऊन धोकादायक ठरली आणि ते बंद झालं, तेव्हा हळहळ सगळ्यांना वाटली. पण आपण तिथे शेवटचे कधी गेलो होतो, या प्रश्नाला माझ्या ओळखीतल्या कुणालाच चटकन उत्तर देता येईना. जागा हातची गेल्यावर आठवण काढण्यापेक्षा, आहे तोवर तिथे पोरांचा कलकलाट असलेला बरा.

तेव्हा येत्या सुट्टीचा बेत करायचा तर असा करा. बुधवार सोडून कुठलाही दिवस घ्या, कारण बुधवारी राणीची बाग बंद असते. लोकलनं भायखळ्याला उतरा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि सकाळी उलट्या दिशेच्या गाडीला गर्दी कमी असते. पोटभर न्याहरी करून निघा. बाग उघडते तेव्हा पोहोचा, कारण उन्हाआधी प्राणी जागे असतात आणि मुलंही. बघायच्या गोष्टी तीनच ठरवा, चौथी मुलांना ठरवू द्या. ती बहुधा मुंग्यांची रांग असेल किंवा माळीदादांचा पाण्याचा पाइप. तिथे हवा तितका वेळ उभं राहू द्या. दमण्याच्या अर्धा तास आधी निघा, दमल्यावर नको. दुपारच्या जेवणाला घरी या आणि सगळे मिळून झोपा. हत्तीची गोष्ट अर्धी राहिली असेल तर राहू द्या, तेवढ्यासाठी पुन्हा जाता येईल. आणि जाताना मुलांना लोखंड्यांचं नाव तेवढं सांगा. सुट्टी कुणी दिली, हे सुट्टीच्या दिवशी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)